मीठ टाकलं तरी लिक्विड पातळच? आणखी पाकीट फोडण्याआधी हे बघा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, बार्शीकडच्या एका बचत गटातल्या ताईंचा फोन आला.

"दादा, भांड्याचं लिक्विड पाण्यासारखं झालंय. मीठ टाकलं तरी घट्ट होईना."

"किती टाकलं, ताई?"

"एक पाकीट. मग अजून अर्धं. आता पोराला अजून एक आणायला पाठवलंय."

"त्याला आधी माघारी बोलवा," मी म्हटलं.

लिक्विड सोप, हँडवॉश, शाम्पू बनवणाऱ्या छोट्या मंडळींची ही नेहमीची तक्रार. एका बॅचला मस्त तार येते, दुसरा बॅच त्याच फॉर्म्युल्याने नळासारखा गळतो. आणि सल्ला देणारा प्रत्येक जण एकच सांगतो: मीठ वाढवा. हा सल्ला कधी लागू पडतो आणि कधी बॅच पार घालवतो, ते आधी ओळखता येतं. त्यासाठी फार यंत्रं लागत नाहीत. तीन वाट्या आणि एक चांगला वजनकाटा पुरतो.

ताईंचा फॉर्म्युला चांगला होता. ५० किलोच्या बॅचला ७० टक्क्यांची एसएलईएस (सोडियम लॉरिल इथर सल्फेट, मळ काढणारं मुख्य रसायन) पेस्ट ५ किलो, सीएपीबी (कोकामिडोप्रोपिल बीटेन, त्याचं जोडीदार रसायन) २ किलो, रंग, परफ्यूम, प्रिझर्व्हेटिव्ह, बाकी बोअरचं साधारण ४१ किलो पाणी. जानेवारीत याच मापाला ८०० ग्रॅम मीठ पुरलं होतं आणि माल झकास झाला होता. एप्रिलमध्ये दीड किलो घालूनही पाणीच.

मीठ नेमकं करतं काय

हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून जरा थांबतो.

एसएलईएसच्या प्रत्येक रेणूला पाण्याची ओढ असलेलं डोकं असतं आणि पाण्यापासून पळणारी शेपटी. पाण्यात हे रेणू घोळका करतात: शेपट्या आत, डोकी बाहेर. सगळ्या डोक्यांवर ऋण भार, त्यामुळे ती एकमेकांना ढकलतात. ढकलाढकलीत प्रत्येकाला जास्तीत जास्त जागा मिळेल असा आकार म्हणजे गोळी. भिजवलेला साबुदाणा पाण्यात सोडा, पाणी काही घट्ट होत नाही. दाणे एकमेकांवरून घरंगळतात. मीठ नसलेलं लिक्विड असं असतं.

मिठातला सोडियम या डोक्यांच्या आसपास जमतो आणि त्यांचं भांडण निवळतं. डोकी जवळ सरकली की गोळीला गोल राहायची गरज उरत नाही, ती लांबत जाते. साबुदाण्याच्या शेवया होतात. शेवया एकमेकींत गुंततात, आणि गुंता वाहायला वेळ लागतो. आपण त्याला घट्टपणा म्हणतो. डोक्याला किती जागा लागते आणि शेपटी किती जाड-लांब आहे, यावरून घोळक्याचा आकार ठरतो हा हिशेब इस्राएलाश्विली, मिचेल आणि निनहॅम या तिघांनी १९७६ मध्ये मांडला. आपल्या ड्रममध्ये तोच हिशेब रोज चालू असतो.

यात सीएपीबीचं काम वेगळं. त्याच्या एकाच डोक्यावर धन आणि ऋण दोन्ही भार असतात. एसटीच्या बाकावर दोन भांडकुदळ प्रवाशांच्या मधे एखादा शांत माणूस येऊन बसावा, तसा तो दोन एसएलईएसच्या मधे बसतो आणि तिघं दाटीवाटीने मावतात. म्हणून नुसत्या एसएलईएसला जेवढं मीठ लागतं, त्यापेक्षा एसएलईएस आणि सीएपीबीच्या जोडीला कमी लागतं आणि तारही चांगली येते. सीएपीबी महाग म्हणून अर्धं केलं आणि मीठ तेवढंच ठेवलं, तर माल पातळ होणारच.

आता खरी गोम. मीठ वाढवत गेलं की एका टप्प्यानंतर लिक्विड पुन्हा पातळ व्हायला लागतं. शेवयांना फाटे फुटतात, त्या एकमेकींना सांध्यांनी जोडल्या जातात. जाळं झालं म्हणजे अजून घट्ट व्हायला हवं, असं आपल्याला वाटतं. पण हे सांधे पक्के नसतात, ते शेवईवरून सरकतात, त्यामुळे ताण आला की जाळं लगेच सैल पडतं. त्याही पुढे मीठ टाकत राहिलात तर लिक्विड ढगाळतं आणि थर वेगळे होतात. गरम पद्धतीने साबण शिजवणारे मीठ टाकून साबण वर आणतात ना, त्याच जातीचा प्रकार.

म्हणजे मीठ आणि घट्टपणा यांचा आलेख काढला तर डोंगर दिसतो: एक चढ, एक माथा, एक उतार. एवढं पातळ, तेवढं पातळ असं नुसतं डोळ्यांनी बघून तुम्ही चढावर आहात की उतारावर, हे कळत नाही. चढावरच्याला मीठ हवं असतं. उतारावरच्याला मीठ म्हणजे विष.

तीन वाट्यांची परीक्षा

परीक्षेआधी एक अट: माल थंड हवा. ताईंची पहिली चूक इथेच झाली होती, मिठाची नंतर. पत्र्याच्या शेडमध्ये, दुपारी दोन वाजता, तापलेल्या पाण्यात बॅच केला. गुंतलेल्या शेवयांचा घट्टपणा तापमान वाढलं की झपाट्याने पडतो, पाकासारखा. गरम लिक्विड पातळ दिसलं म्हणून मीठ घातलं, तरी पातळ दिसलं म्हणून आणखी घातलं. मीठ बरोबर झालं होतं तेव्हाच थांबायचं होतं, पण ताई माथा ओलांडून पलीकडे उतरल्या होत्या.

म्हणून वाटीभर माल काढा आणि ती वाटी माठातल्या पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवा. माल साधारण २५ अंशांच्या आसपास आला की मगच निकाल द्या. फ्रिजमधलं गार नको, त्याने उलटी फसगत होते. फेस असेल तर तो बसू द्या. हवेचे बुडबुडे अडकलेलं लिक्विड खोटंच घट्ट दिसतं आणि दुसऱ्या दिवशी बाटलीत उघडं पडतं.

आता तीन वाट्या, प्रत्येकीत १०० ग्रॅम माल.

पहिली तशीच ठेवा. दुसरीत २५ टक्क्यांचं मिठाचं पाणी १ ग्रॅम घाला, म्हणजे पाव ग्रॅम मीठ गेलं. तिसरीत ५ ग्रॅम आरओचं किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी. चमच्याने हलकेच, फेस न काढता ढवळा. तासभर थांबा. मग चमचा उचलून धार बघा.

दुसरी वाटी घट्ट झाली, तर तुम्ही चढावर आहात. मीठ वाढवा, पण चिमटी-चिमटीने. दुसरी आणखी पातळ झाली किंवा तिसरी घट्ट झाली, तर उतारावर आहात, मिठाचं पाकीट कपाटात ठेवा. आणि दोन्हींत काहीच फरक पडला नाही, तर भानगड मिठात नाही. मालात एसएलईएसच कमी आहे, किंवा दुसरंच काहीतरी त्या शेवया तोडतंय.

ताईंना वाट्या करायला लावल्या. संध्याकाळी फोन.

"दादा, हे उलटंच झालं. पाणी घातलं ती वाटी घट्ट आली. काटा चुकला असंल का?"

काटा बरोबर होता. पाण्याने मीठ पातळ झालं आणि माल उतारावरून माथ्याकडे सरकला. माझ्याकडे पहिल्यांदा हे झालं होतं तेव्हा मीही काट्यालाच शिव्या घातल्या होत्या.

न मोजलेलं मीठ

आपण हाताने टाकतो तेवढंच मीठ वहीत लिहितो. ड्रममध्ये मात्र मीठ येण्याच्या आणखी वाटा असतात.

सगळ्यात मोठी वाट सीएपीबीची. ते बनवताना मोनोक्लोरोॲसेटिक आम्ल वापरतात आणि त्यातला क्लोरीन शेवटी मीठ होऊन त्याच द्रावणात राहतो. बाजारातल्या नेहमीच्या ३० टक्क्यांच्या सीएपीबीत साधारण ५ टक्के मीठ असतं. ताईंच्या २ किलोमधून १०० ग्रॅम मीठ असंच गेलं. नवीन कॅन घेताना त्याच्या टेस्ट रिपोर्टवर मिठाचा आकडा बघा, तो पुरवठादारागणिक थोडाफार हलतो.

दुसरी वाट पाण्याची. टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेन स्वस्तात मिळतं, त्याशिवाय या धंद्यात पडू नये असं माझं मत आहे. ताईंच्या बोअरचा आकडा त्या दिवशी २१०० आला. म्हणजे लिटरला २.१ ग्रॅम क्षार. ४१ किलो पाण्यात ८६ ग्रॅम. हे सगळं खायचं मीठ नसतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षारही असतात. पण डोक्यांचं भांडण मिटवायला तेही येतात, उलट दुहेरी भाराचा कॅल्शियम सोडियमपेक्षा जास्त जोर लावतो. म्हणून हा हिशेब फुगवलेला नसून कमीच धरलेला आहे.

तिसरी वाट पीएच दुरुस्तीची. सायट्रिक आम्ल जास्त पडलं म्हणून कॉस्टिक सोडा, कॉस्टिक जास्त झालं म्हणून पुन्हा सायट्रिक. प्रत्येक फेरीत सोडियम सायट्रेट तयार होतं, तेही क्षारच. शिवाय पीएच खाली आला की सीएपीबीच्या डोक्यावरचा ऋण भार कमी होतो आणि ते एसएलईएसला जास्त घट्ट बिलगतं, त्यामुळे घट्टपणा बदलतो तो वेगळाच. म्हणून आधी पीएच, शेवटी मीठ. हा क्रम मोडू नका.

ताईंच्या ड्रमचा हिशेब असा: हाताने १५०० ग्रॅम, सीएपीबीतून १००, पाण्यातून ८६. एकूण १६८६ ग्रॅम, म्हणजे बॅचच्या जवळपास ३.३ टक्के. जानेवारीत ८०० ग्रॅमवर एकूण दोन टक्क्यांच्या आतच होतं.

बॅच वाचवायचा कसा

नुसतं पाणी ओतून वाचवू नका. पाण्याने मीठ कमी होतं, पण सोबत माल आणि प्रिझर्व्हेटिव्हही पातळ होतं. घट्ट दिसणारं आणि कमी धुणारं लिक्विड गिऱ्हाईक एकदाच घेतं.

ताईंना सांगितलं: अगदी असाच ५० किलोचा दुसरा बॅच करा, सगळं तेच, फक्त मीठ शून्य. मग दोन्ही निम्मं-निम्मं मिसळा. दुसऱ्या बॅचमध्ये न मोजलेलं मीठ १८६ ग्रॅम असतंच. दोन्ही मिळून १८७२ ग्रॅम, शंभर किलोत सुमारे १.९ टक्के. जानेवारीच्या आसपास. मोठा ड्रम नव्हता म्हणून त्यांनी बादली-बादलीने मिसळलं, लाकडी वल्ह्याने, हळूहळू. पण त्याआधी ५० ग्रॅम हे आणि ५० ग्रॅम ते असं वाटीत करून रात्रभर ठेवलं. सकाळी मला फोटो आला: चमच्यावरून एकतारी पाकासारखी धार, खाली ठिपका पडल्यावर मागे आखडणारी.

आता कायमचा उपाय. स्वतःच्या फॉर्म्युल्याचा डोंगर एकदा तरी स्वतः काढा. मीठ न घातलेला दोन-अडीच किलो माल घ्या, २०० ग्रॅमचे दहा-बारा ग्लास करा. पहिल्यात मीठ नाही, पुढे प्रत्येक ग्लासात पाव-पाव टक्का वाढवत जा. मीठ नेहमी पाण्यात विरघळवूनच घाला, आणि प्रत्येक ग्लासात एकूण पाणी सारखंच जाईल असं बघा, नाहीतर आलेख खोटा येतो. रात्रभर ठेवा. व्हिस्कोमीटर (घट्टपणा मोजणारं यंत्र) नसेल तर एकाच नरसाळ्यातून ठरावीक माप गळायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजा. सायकलच्या बेअरिंगचा छर्रा उंच, काचेच्या नळकांड्यात सोडून तळाला जायचा वेळ मोजला तरी चालतं. आकडा शास्त्रशुद्ध नसेल, डोंगराचा आकार मात्र खरा येतो.

माथा सापडला की तिथे झेंडा रोवू नका. मी चढावर, माथ्याच्या थोडं अलीकडे थांबतो. तिथे माल जरा पातळ राहतो, पण पाण्यात किंवा सीएपीबीत उन्नीस-बीस झालं तर उताराला लागत नाही.

मिठाबद्दल एवढंच: स्वयंपाकाच्या फ्री-फ्लो मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून भुकटी घातलेली असते, ती पारदर्शक मालाला धुरकट करते. औद्योगिक शुद्ध मीठ घ्या. खड्याचं मीठ तर नकोच, त्यात माती असते.

परफ्यूमचा दगा

हा माझा स्वतःचा अनुभव. २०० किलो हँडवॉश, मोगरा बदलून लिंबू करायचं ठरलं. मात्रा तीच, मीठ तेच. परफ्यूम पडला आणि बघता बघता माल सैल. मी चढ-उतार तपासला: मीठ घालूनही फार काही नाही, पाणी घालूनही नाही. तिसराच निकाल.

परफ्यूम म्हणजे एक पदार्थ नसतो, डझनावारी तेलं असतात. लिमोनीनसारखी पूर्ण तेलकट मंडळी शेवईच्या गाभ्यात शिरतात, गाभा फुगवतात आणि शेवई पुन्हा गोळी होऊ शकते. लिनॅलूलसारखी अर्धवट अल्कोहोलछाप मंडळी डोक्यांच्या रांगेत बसतात आणि उलट मदतही करतात. त्यात परफ्यूम स्वस्त करायला डायप्रोपिलीन ग्लायकॉल भरलेलं असेल तर ते घट्टपणा कापतंच. आणि परफ्यूम विरघळावा म्हणून पॉलिसॉर्बेट २० घातलं, तर त्याचं लठ्ठ डोकं शेवया मोडायला पुरेसं असतं.

त्या दिवसापासून नवा परफ्यूम थेट ड्रममध्ये जात नाही. १०० ग्रॅमच्या तीन वाट्या: बिनवासाची, जुन्या वासाची, नव्या वासाची. दुसऱ्या दिवशी सकाळी धार बघायची. नवीन परफ्यूम म्हणजे नवा डोंगर, मीठ पुन्हा ठरवा. ते २०० किलो मी थोडं सीएपीबी वाढवून आणि मीठ पुन्हा जुळवून सावरले, पण त्यात नफा सगळा गेला.

बाकीच्या तक्रारी, पटापट

माल पहिल्यापासून पातळ आणि मिठाला अजिबात दाद देत नाही: कॅनवर ७० लिहिलंय की २८, ते बघा. सुट्टा एसएलईएस दोन्ही ताकदींचा मिळतो. ७० च्या मापाने २८ टाकलं की ताकद अडीच पटीने कमी. आणि किती मोलचा आहे, म्हणजे रेणूच्या डोक्यात सरासरी किती इथिलीन ऑक्साइड जोडलंय, ते विचारा. १ मोलचा मिठाला लगेच दाद देतो, २ मोलचा त्याखालोखाल, ३ मोलच्याला जास्त मीठ लागतं. पुरवठादाराने न सांगता मोल बदलला तर तुमचा जुना फॉर्म्युला निकामी.

जेलीसारख्या गाठी तरंगतात: पेस्टवर पाणी ओतलं असणार. ७० टक्क्यांची पेस्ट पाण्याने पातळ होताना मधे, साधारण ६० ते ३० टक्क्यांच्या पट्ट्यात, अधिकच कडक जेल होते. पाण्यात पेस्ट घाला, थोडी थोडी, हळू फिरवत, आणि रात्रभर सोडा. घाई करून मिक्सर लावला की फेसाचा डोंगर मिळतो, गाठी तशाच राहतात.

महिना-दीड महिन्याने पातळ झालं: वास बघा, पीएच बघा. आंबूस वास किंवा रंग उडालेला असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह कमी पडलं आणि जंतू घुसले. तो माल फेकायचा, मीठ घालून दुरुस्त करायचा नाही. पीएच ४ च्या खाली गेला असेल तर एसएलईएस हळूहळू तुटतोय. तुटताना आम्ल सोडतो, आणि ते आम्ल आणखी तोडतं, म्हणून ते आपोआप थांबत नाही.

सल्फेट-फ्री शाम्पू मिठाने घट्ट होत नाही: डेसिल ग्लुकोसाइडवर बनवला असेल तर नाहीच होणार. डेसिल ग्लुकोसाइडच्या डोक्यावर भारच नसतो, मीठ कोणाचं भांडण मिटवणार? तिथे झँथन गम, एचपीएमसी किंवा पीईजी-१५० डायस्टिअरेटसारखा थिकनर लागतो. आणि शाम्पू बनवून विकायचा असेल तर कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० खाली परवाना लागतो. भांड्याच्या लिक्विडसारखं घरच्या घरी सुरू करता येत नाही.

जुलैच्या पहिल्या पावसानंतर ताईंचा मेसेज आला. वहीच्या पानाचा फोटो, त्यात टीडीएसचा नवा रकाना पेनाने आखलेला. खाली लिहिलं होतं: "बोअर ७०० वर आला. मीठ ६० ग्रॅम वाढवलं. बरोबर का?"

मी कॅल्क्युलेटर काढला. २१०० वजा ७००, गुणिले ४१. उत्तर आलं ५७ ग्रॅम.